लेव्हलकाका

अमरावतीत एक जमात अशी आहे, जी दुसऱ्याच्या घरात शिरली की आधी खाली पाहते. घरच्यांना वाटतं, पाहुणा मोठा विनयशील आहे. किंवा काहीतरी वाईट बातमी घेऊन आला आहे आणि सांगायला शब्द सापडत नाहीत. तसं काही नसतं. तो फरशी पाहत असतो. चहा येईपर्यंत त्यानं हॉलचा ढाळ, सांध्यांची रुंदी, दाराजवळची बद्द वाजणारी लादी आणि ती बसवणाऱ्या मिस्त्रीची एकूण लायकी ठरवून टाकलेली असते.

आमच्या रुक्मिणीनगरात या जमातीचे मूळपुरुष राहतात. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर आहे. बाकी सगळीकडे ते लेव्हलकाका. ओव्हरसियर म्हणून सरकारी नोकरीत हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल काकूंनी कपाटात ठेवली, नारळाच्या वड्या झाल्या, आणि घड्याळ काकांनी ओळंबा धरून इतकं सरळ लावलं, की त्याच्याकडे पाहून मागची भिंत तिरपी असल्याचं लोकांच्या लक्षात येऊ लागलं.

काकांच्या खिशात एक वेळ पाकीट नसेल. पण वीतभर लांबीची बुडबुड्याची लेव्हल, टेप, खडूचा तुकडा आणि काचेचा एक कंचा असतोच. लेव्हल काढली तर यजमानाला राग येऊ शकतो, म्हणून पहिल्या भेटीत कंचा. तो हळूच जमिनीवर ठेवायचा आणि कुठे जातो ते पाहायचं. मंगल कार्यालयात पंगत बसलेली असताना, बँकेत रांगेत उभं असताना, कुठेही. एकदा राजापेठेत एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. तेरवी व्हायची होती. सगळे गप्प. कंचा काकांच्या हातातून सुटला की त्यांनी सोडला, ते अंबादेवीलाच ठाऊक. तो दिवाणाखालून निघाला आणि दोन सतरंज्यांमधल्या फटीतून वाट काढत थेट हार घातलेल्या फोटोपाशी जाऊन थांबला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. काका गंभीरपणे म्हणाले, “ढाळ ईशान्येले हाय. चांगलं हाय.” घरच्यांना त्यातून एवढं समाधान मिळालं, की तेरवीचं पहिलं बोलावणं काकांना आलं.

त्यांच्या हिशेबात जगातले सगळे फरक सुतात मोजले जातात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढोबळ मानानं तीन मिलिमीटर. सुतार आणि मिस्त्री अजूनही याच मापात बोलतात. काका मात्र राजकारणापासून जावयापर्यंत सगळं त्यातच बसवतात. अमुक पुढारी कसा? दोन सूत बाहेर. शेजाऱ्याचा जावई? बरा आहे, अर्धं सूत कमी. असा माणूस शहाबादी फरशीवर चालत सुखानं म्हातारा झाला असता. पण त्याला पुण्याला जावं लागलं.

मुलगा वाकडला राहतो. त्याच्या बेडरूममध्ये लाकडी जमीन होती. काकांनी बॅगही खाली ठेवली नाही; टोंगळे टेकले, बोटाच्या पेरानं टकटक केली आणि सुनेसमोर जाहीर केलं, “हे लाकूड नाही.”

दुर्दैवानं ते खरं होतं. काकांचं बोलणं दुर्दैवानं नेहमीच खरं असतं. ते लॅमिनेट होतं. मधला गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीचा, ज्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. कागदावर मेलामाइन आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कडक पारदर्शक थर, खुर्च्यांचे ओरखडे सोसण्यासाठी. तळाशी आणखी एक थर, पाटीचा तोल राहावा आणि ती वाकू नये म्हणून. मुलानं हे सगळं सांगितल्यावर काकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “म्हणजे तू फोटोवर चालून राह्यला?”

फोटो ओकच्या झाडाचा होता. ही गोष्ट काकांना फार लागली. ज्याच्या जिल्ह्यात मेळघाट आहे, ज्यानं परतवाड्याला सागवानाचे ढीग पाहिले आहेत, ज्याच्या आजोळच्या वाड्यातली माडी सागाच्या तुळयांवर उभी होती, त्याच्या मुलानं युरोपातल्या झाडाच्या छायाचित्रावर पाय ठेवून सकाळी उठावं! रात्रभर त्यांना झोप आली नाही. झोप येत नाही म्हणून त्यांनी मुलानं जपून ठेवलेली कंपनीची माहितीपुस्तिका वाचायला घेतली, आणि पहाटेपर्यंत सगळं उलटंपालटं झालं.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की पाट्या अंथरण्याआधी खालची जमीन दोन मीटर अंतरात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खालीवर असता कामा नये.

तीन मिलिमीटर. एक सूत.

काकांनी हयातभर हेच सांगितलं होतं आणि हयातभर ठेकेदार “चालते ना साहेब” म्हणाले होते. आता कुठल्या तरी दूरदेशीच्या कंपनीनं तेच छापून दिलं होतं. या लॅमिनेटच्या शोधाचं मूळ स्वीडनचं. तिथल्या पर्स्टॉर्प कंपनीनं १९७७ साली ही जमीन तयार केली आणि पुढे ती पर्गो या नावानं विकायला काढली. पाट्या सुरुवातीला गोंदानं चिकटवायच्या. १९९०च्या दशकात एकमेकींत खट्कन अडकणाऱ्या खाचांची युक्ती निघाली आणि गोंद गेला. काकांना त्या खट् आवाजाचं अप्रूप नव्हतं, लाकडाच्या फोटोचं तर नव्हतंच. ते जमिनीच्या प्रेमात पडले नाहीत, ती बसवण्याच्या अटीच्या प्रेमात पडले. हा फरक आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

अमरावतीला परत आल्यावर काकांनी हॉलपुरत्या पाट्यांची खोकी आणली. पाट्या ज्या खोलीत अंथरायच्या, त्याच खोलीत आधी अठ्ठेचाळीस तास आडव्या ठेवाव्यात असं पुस्तिकेत होतं. म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतात आणि मागून फुगत-आखडत नाहीत. काकांनी खोकी खिडकीखाली रचली, वर चादर टाकली आणि कामाला लागले.

पहिलं काम म्हणजे जुन्या फरशीची तपासणी. हॉलमध्ये शहाबादी, आतल्या खोल्यांत चिप्सच्या मोझॅक टाइल्स. वऱ्हाडातल्या त्या पिढीच्या घराचा हा ठरलेला नकाशा. लॅमिनेट जुन्या फरशीवरही बसतं, फक्त ती घट्ट आणि सपाट हवी. काका हातात किल्ली घेऊन टरबूज घ्यायला आल्यासारखे एकेक लादी वाजवत हॉलभर रांगले. जी खणखणीत वाजली तिच्यावर खडूनं बरोबरची खूण, जी बद्द वाजली तिच्यावर फुली. मग लेव्हल पाइप निघाला. पाण्यानं भरलेली ही पारदर्शक नळी गरीब मिस्त्रीचं सगळ्यात खात्रीचं हत्यार आहे; दोन टोकांचं पाणी एका पातळीला आलं की जगात कोणाच्या बापाला ते खोटं पाडता येत नाही. मात्र त्याला दोन माणसं लागतात. आमच्या कॉलनीत त्या नळीचं दुसरं टोक धरलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पोस्टमनपासून वर्गणी मागायला आलेल्या गणेश मंडळाच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ते धरलं. पोरांनी तर वर्गणी न घेताच पोबारा केला.

संध्याकाळपर्यंत हॉलभर खडूचे आकडे झाले. भारतीय सर्वेक्षण विभागानं सातपुड्याचा केला नसेल असा तपशीलवार नकाशा. काकूंना सक्त ताकीद होती की पोछा मारायचा नाही. ताकीद काकूंना होती. कामवाल्या मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी काका अंघोळ करून बाहेर आले तेव्हा फरशी आरशासारखी लखलखत होती. मावशी म्हणाल्या, “लय घान झालती, बाप्पा.”

दुसऱ्यांदा मोजल्यावर निकाल हाती आला. हॉल मागच्या भिंतीपासून दाराकडे तीन सूत उतरता होता. काकांनी तो निकाल कोणाला सांगितला नाही, कारण हे घर बांधलं तेव्हा ढाळ द्यायला त्यांनीच सांगितलं होतं. वऱ्हाडात जमीन धुतात. दिवाळीला, महालक्ष्म्यांच्या आधी, उन्हाळ्यात तर रोज संध्याकाळी बादल्याच्या बादल्या ओतून. पाणी दाराबाहेर जायला ढाळ हवा, नाही तर मिस्त्रीला काम येत नाही असं समजायचं. त्या वेळच्या मिस्त्रीनं ढाळ कमी दिला म्हणून तरुणपणी काकांनी त्याची मजुरी अडवून धरली होती, हे काकूंना चांगलं आठवत होतं. आणि आता तोच ढाळ काढायला दुसऱ्या मिस्त्रीला मजुरी द्यायची होती.

हा दुसरा मिस्त्री बडनेऱ्याचा. सिमेंटचा पातळ थर देऊन खळगे भरायचे, उंचवटे ग्राइंडरनं घासायचे, असं काम. एवढा जुनाजाणता माणूस, पण काका कागदाची घडी पट्टीखाली सारून फट मोजू लागले तेव्हा तो उठून उभा राहिला. “साहेब, घर करून राह्यलो का कॅरम बोर्ड?”

काकांना हा प्रश्न अपमानास्पद वाटला नाही. उलट त्यांनी घरातून कॅरमची सोंगटी मागवली.

सपाटीचं जमत आलं तेव्हा ओलीचा मुद्दा निघाला. लॅमिनेटचा एकच खरा शत्रू, पाणी. ते वरून आलं तर निदान दिसतं. खालून येतं ते दिसत नाही. त्यासाठी साधी परीक्षा आहे: प्लॅस्टिकचा हातभर चौकोन जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं गच्च डकवायचा, दिवस-रात्र तसाच ठेवायचा आणि मग आतून पाहायचं. पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळपट झाली, तर जमीन ओल सोडते आहे. काकांच्या हॉलमध्ये थेंब जमले. ते पाहून त्यांचा चेहरा जो उजळला, तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही आम्ही पाहिला नव्हता.

काकूंचं माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या जमिनीत आणि विहिरीत मीठ. भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी फुलून येते आणि गिलावा पापुद्र्यापापुद्र्यानं गळतो. तो अनुभव घेऊन काकू म्हणाल्या, “जमिनीतून पानी येतेच. त्याले कागद लावून पायची काय गरज होती? मले विचारायचं.” त्यावर उपाय पुस्तिकेतच होता. आधी जाड पॉलिथिनचा कागद, शिवणीवर चिकटपट्टी मारून, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम, मग पाट्या. एका दुपारचं काम. पण काका आता कागदाच्या खाली, मातीत उतरले होते.

काळी माती पाऊस पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आखडून भेगाळते. वऱ्हाडातला प्रत्येक कास्तकार हे वावरात पाहतो आणि प्रत्येक घरमालक आपल्या भिंतीच्या तड्यात. मग मे महिन्यात मोजलेली पातळी ऑगस्टमध्ये खरी कशावरून? काकांनी जाहीर केलं, की घर पावसाळ्यात कसं वागतं ते पाहिल्याशिवाय पाटी टाकायची नाही. पावसाळा झाला. मग हिवाळ्याची पातळी घेणं ओघानंच आलं. यात चूक काढायला जागा नव्हती. लेव्हलकाकांशी वाद घालण्यात खरी अडचण हीच आहे. चुकणाऱ्या माणसाला समजावता येतं. जो प्रत्येक पायरीवर बरोबर असतो आणि तरी कुठेच पोचत नाही, त्याला काय सांगणार? सरकारी फायलीही बहुधा अशाच अडतात. एकेका टेबलावरचा शेरा अगदी योग्य असतो.

मधल्या काळात दारं मात्र झाली. आठ मिलिमीटर पाटी, दोन मिलिमीटर फोम, वर दोन मिलिमीटर मोकळी हवा, असा हिशेब करून काकांनी सुतार बोलावला आणि हॉलची सगळी दारं बारा मिलिमीटरनं खालून कापून घेतली. जमीन आली नाही, फट आली. तिच्यातून पाली आल्या, झुरळं आली, समोरच्यांचा वर्तमानपत्रवाला थेट दाराखालून पेपर सारू लागला. काकूंनी जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या करून फटी बुजवल्या. खिडकीखालची खोकी तोवर दिवाण झाली होती. पाहुणे त्यावर बसत, काकू त्यावर पापडाची परात ठेवत. अठ्ठेचाळीस तासांत हवेला सरावणाऱ्या पाट्या एव्हाना मतदानाला पात्र झाल्या असाव्यात.

२०२२च्या जूनमध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं अमरावती ते अकोला मार्गावर एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला. कतारचा विक्रम मोडला, गिनीज बुकात नोंद झाली, गावभर कौतुक. काकूंनी पेपर घडी करून काकांच्या ताटाशेजारी ठेवला. “तिकडं पंच्याहत्तर किलोमीटर झाला, अन् आपलं पंधरा फूट होऊन नाही राह्यलं.” काका शांतपणे वरणात तूप कालवत म्हणाले, “रस्त्याले ढाळ चालते. चालते काय, लागतेच.”

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्यात जठारपेठेत, काकांचे साडभाऊ राहतात. ही दुसरी जमात. यांना फरशी दिसतच नाही, फक्त कॅटलॉग दिसतो. काकांनी लॅमिनेटचा विषय काढल्याचं कानावर येताच त्यांनी एका रविवारी सकाळी दोन पोरं बोलावली आणि संध्याकाळी नव्या जमिनीवर बसून काकांना व्हिडिओ कॉल केला. खालची फरशी तपासली? “काऊन तपासायची? आपलीच हाय.” फोम? होता. भिंतीपासून जागा सोडली?

इथं साडभाऊ हसले. लॅमिनेट हवेतल्या ओलाव्यानं फुगतं-आखडतं, म्हणून चारही भिंतींशी आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडतात आणि ती वरून स्कर्टिंगनं झाकतात. साडभाऊंना ती फट कुरूप वाटली होती. त्यांनी पाट्या भिंतीला भिडवल्या आणि राहिलेल्या रेघेत पांढरं सिमेंट दाबून भरलं. मार्च होता. जमीन सुंदर दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. काकांनी फोन ठेवला आणि कॅलेंडरवर मे महिन्यावर खूण केली.

ज्यानं ही जमीन शोधली तो देश थंडीचा. तिथे ती पायाला ऊब देते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. तिथे पायाला ऊब देऊ करणाऱ्या वस्तूचं स्वागत जरा जपूनच करायला हवं. दगडी फरशी अंगातली उष्णता झटकन ओढून घेते, म्हणून तर दुपारी उघड्या फरशीवर ओली चादर घेऊन आडवं होण्याइतकं सुख वऱ्हाडात दुसरं नाही. लॅमिनेटवर ते सुख नाही आणि ओली चादर तर मुळीच नाही. मग उरतो कूलर. आमच्याकडचा कूलर म्हणजे खिडकीत बसवलेलं पत्र्याचं कपाट, तीन बाजूंना ताट्या, आत पाण्याचं टाकं आणि मध्ये घरघरणारा पंखा. हवा कोरडी ठणठणीत असते म्हणूनच तो चालतो. पाण्याची वाफ करून खोली गार करतो. म्हणजे बाहेर उन्हानं सुकलेली हवा आणि आत हॉलभर ओलावा. शिवाय रात्री नळी लावून झोपलं की टाकं भरून वाहतंच. वऱ्हाडात असं एक घर दाखवा जिथे ते वाहिलं नाही.

पंधरा दिवस कूलर चालला आणि साडभाऊंची जमीन फुगू लागली. भिंतीकडे सरकायला जागा नाही, म्हणून ती वर निघाली. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत हॉलच्या मधोमध उंचवटा आला. त्यावर पाय दिला की तो खाली बसे आणि दुसरीकडे निघे. नातवंडांनी त्याचं नाव चिखलदरा ठेवलं आणि पाळीपाळीनं त्यावर चढू लागली. साडभाऊ आधी दोन दिवस म्हणाले, चालते. मग चालताना पडले.

काका अकोल्याला निघाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख पाहण्यासारखं होतं. दुःखात माणूस इतका टापटिपीचा भांग पाडत नाही. मी सोबत होतो, कारण लेव्हल पाइपचं दुसरं टोक. घरात शिरल्यावर त्यांनी कंचा काढला आणि चिखलदऱ्याच्या माथ्यावर ठेवला. तो कुठे जावं ते न कळून जागीच थांबला. साडभाऊ कोचावरून म्हणाले, “बोला, एकदाचं बोलून टाका.” आणि काका काहीच बोलले नाहीत. हे मला अनपेक्षित होतं. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, पांढरं सिमेंट छिन्नीनं काढलं आणि हॉलच्या चारी कडांना बोटभर रुंदीची पट्टी मशीननं कापून काढली. दुपारभर टोंगळ्यांवर. सत्तरीचा माणूस. संध्याकाळपर्यंत चिखलदरा अर्धा खचला, दोन दिवसांत जमीन बसली. कूलरखालच्या तीन-चार पाट्यांच्या कडा मात्र पाणी पिऊन कायमच्या फुगल्या होत्या. त्या पुन्हा खाली येत नाहीत, बदलाव्याच लागतात. काकांनी त्या बदलल्या आणि कूलर पत्र्याच्या ट्रेवर ठेवायला लावला.

निघताना साडभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. काका म्हणाले, “डोये पुसा. जमिनीवर नको.”

परत येताना त्या विक्रमी रस्त्यावर एसटीत मी धीर करून विचारलं, की दुसऱ्याची जमीन दोन दिवसांत सरळ करता, मग घरचं काय? काका बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, काही खोल सांगतील. ते म्हणाले, “मूर्तिजापूरजवळ रस्ता उलीसा बसला वाटते.”

तरी अकोल्याच्या यशानं फरक पडला. बडनेऱ्याच्या मिस्त्रीला निरोप गेला, पॉलिथिन आलं, फोम आला, काकूंनी खोक्यांवरची चादर काढून धुवायला टाकली. शेवटची तपासणी म्हणून काकांनी दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी हॉलभर फिरवली. कुठेही एका सुतापेक्षा जास्त फट नाही. मिस्त्री पाहत होता. तो सहज म्हणाला, “साहेब, पट्टी पाह्यली का?”

पट्टी तपासायची रीत प्रत्येक सुताराला ठाऊक असते. ती आडवी टाकून कडेनं जमिनीवर रेघ ओढायची, मग पट्टी उलटून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ ओढायची. पट्टी सरळ असेल तर रेघेवर रेघ येते. इथं दोन रेघांमध्ये मधोमध दोन सुतांची फट निघाली. म्हणजे पट्टीला एका सुताचा बाक. गेले कित्येक महिने त्या पट्टीवर काकूंच्या गोधड्या वाळत होत्या, ही माहिती काकूंनी स्वतःहून दिली.

मिस्त्री म्हणाला, “मंग काय झालं? कंपनी एक सूत चालते म्हंते नं.”

“ते जमिनीचं सांगतलं. पट्टीचं कोनं सांगतलं?”

मिस्त्रीनं हत्यारं पोत्यात भरली. काकूंनी ओली चादर तशीच पुन्हा खोक्यांवर टाकायला घेतली आणि काकांनी ती हिसकावली. लॅमिनेटला ओल चालत नाही.

तेव्हा अमरावतीत कोणाकडे खात्रीनं सरळ असलेली दोन मीटरची पट्टी असेल, तर त्यांनी रुक्मिणीनगरात लेव्हलकाकांकडे जरूर यावं. बसायला नवा दिवाण आहे. चहाही मिळेल; पण पट्टी ते आधी उलटून पाहतील, आणि लेव्हल पाइपचं दुसरं टोक तुम्हालाच धरावं लागेल.